देणी, दुखणी आणि रात्रीचा प्रयोग : बालगंधर्वांचे अवघड दिवस

१२ मार्च १९११. मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'मानापमान' या नव्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग लागला होता. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, नायक नानासाहेब जोगळेकर आणि नायिका भामिनी म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. वय वर्षं बावीस. सगळा महाराष्ट्र तोपर्यंत त्यांना बालगंधर्व म्हणू लागला होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली.

कंपनीची प्रयोग पुढे ढकलायची तयारी होती. नारायणरावांनीच नको म्हटलं. तिकिटं गेली होती, लोक लांबून आले होते. ठरल्याप्रमाणे तोंडाला रंग लागला, शालू नेसला गेला, दागिने चढले आणि घरी प्रेत झालेला बाप श्रीमंत घरची लाडावलेली, गरीब शिपायाला हिणवणारी भामिनी होऊन उभा राहिला. नाटक तुफान चाललं. त्या प्रयोगापासून मराठी संगीत रंगभूमीचा नवा काळ सुरू झाला, असं जाणकार मानतात.

ही गोष्ट गेली शंभर वर्षं सांगितली जाते. २०११ साली आलेल्या चित्रपटामुळे ती आजच्या पोरांनाही माहीत झाली. सांगताना बहुतेकांचा भर निष्ठेवर असतो, आणि तो चुकीचाही नाही. पण त्या रात्री घरी लक्ष्मीबाई होत्या, मुलीची आई. त्यांना त्या रात्री कुठलाही रंग लावायचा नव्हता. नारायणरावांना दुःख बाजूला ठेवायला एक जागा होती, तशी त्यांना नव्हती. बालगंधर्वांचं आयुष्य वाचताना हा हिशोब सोडून चालत नाही, कारण पुढे अनेकदा तसंच घडत गेलं. समोर असलेल्या क्षणात पूर्ण बुडून जाण्याची जी ताकद त्यांच्याकडे होती, तिने त्यांना तारलं, आणि तिचीच किंमत त्यांना आणि घरच्यांना मोजावी लागली.

त्यांचा जन्म २६ जून १८८८ चा. गळा लहानपणापासूनच गोड. लोकमान्य टिळकांनी त्यांचं गाणं ऐकून 'बालगंधर्व' हे नाव दिलं, असं सांगतात. मुलाला कानाने कमी ऐकू यायचं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात पाठवलं. किर्लोस्कर मंडळी तेव्हा चांगल्या नायिकेच्या शोधात होती. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेल्यापासून कंपनीची ती जागा खऱ्या अर्थाने भरलेली नव्हती. १९०५ साली नारायणराव कंपनीत आले आणि 'शाकुंतल'मधली शकुंतला झाले. ते 'शाकुंतल' ज्यांनी मराठीत आणलं आणि ज्यांच्या नावाने कंपनी चालत होती, ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मराठी संगीत नाटकाचं मूळ शोधत गेलं की असं सीमाभागात येऊन थांबावं लागतं. मुंबई-पुण्याच्या लेखांत हे एका ओळीत उरकतं म्हणून इथे मुद्दाम सांगितलं.

१९११ हे वर्ष एवढ्यावरच थांबलं नाही. नायकाचं काम करणारे जोगळेकरही त्याच वर्षी वारले. कंपनीत कुरबुरी वाढल्या. १९१३ साली नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे टेंबे गेले, बोडसही गेले. राहिले एकटे मालक बालगंधर्व. ज्या माणसाने कधी पावती ठेवली नसेल, त्याच्या हाती अख्खी कंपनी आली.

नाटक कंपनी म्हणजे तेव्हा काय प्रकरण होतं, हे आज लक्षात येणं अवघड आहे. ते फिरतं गावच. नट, साथीदार, पडदे रंगवणारे, आचारी, वाढपी, कपडेवाले, काहींची बायकापोरं. सामानाच्या पेट्या रेल्वेने एका गावाहून दुसऱ्या गावी जायच्या. गावात बिऱ्हाड घ्यायचं, थिएटरचं भाडं ठरवायचं, महिना-दोन महिने मुक्काम टाकायचा, आठवड्यातून मोजके खेळ करायचे आणि उरलेले दिवस सगळ्यांना पंक्तीला बसवायचं. उत्पन्न खेळाच्या रात्रीचं, खर्च मात्र रोजचा. बेळगाव, हुबळी, धारवाडकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'कंपनीचा मुक्काम' हा शब्द अजून येतो, तो यावरूनच.

अशा धंद्यात हात आखडता ठेवावा लागतो. बालगंधर्वांचा हात उलट्या बाजूने सैल. रंगमंचावर खोटं काही चालायचं नाही. शालू-पैठण्या खऱ्या, दागिने उंची, अत्तरं भारीतली. गालिचे, झुंबरं, पडदे सगळं डोळ्यात भरेल असं. साथीला बसणारी माणसंही पहिल्या प्रतीची. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. असे कलावंत इतर कंपन्यांना परवडले नसते. यांनाही परवडत नव्हते, फक्त यांनी ते मोजलं नाही. १९१६ साली 'स्वयंवर' आलं, भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या आणि रुक्मिणीची पदं घरोघरी पोचली. बायका त्यांची साडी नेसण्याची ढब, अंबाडा, दागिने उचलू लागल्या. गल्ला भरून वाहत होता आणि कर्ज वाढत होतं. दोन्ही एकाच वेळी कसं, असा प्रश्न कॉमर्सच्या पहिल्या वर्षातल्या मुलालाही पडेल. उत्तर सोपं आहे. विक्री म्हणजे नफा नव्हे. खर्च विक्रीच्या पुढे धावत होता आणि मधली फट व्याजाच्या पैशाने बुजवली जात होती.

मधल्या काळात बडोद्याचा मोठा आधार होता. सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानाचा राजाश्रय कंपनीला मिळाला होता, आणि बडोद्याचा मराठी प्रेक्षक नाटकाचा पक्का शौकीन. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' पहिल्यांदा रंगभूमीवर आलं ते पुण्या-मुंबईला नव्हे, तर बडोद्याला, २० फेब्रुवारी १९१९ रोजी. महिन्याभरापूर्वीच, २३ जानेवारीला, गडकरी सावनेरला वारले होते. आपलं नाटक त्यांना बघायलाच मिळालं नाही. दारुड्याची बायको सिंधू हे काम बालगंधर्वांकडे. शालू-दागिन्यांत नटलेलं रूप बघायला येणाऱ्या लोकांपुढे ते फाटक्या, ठिगळं लावलेल्या लुगड्यात, जात्यावर दळत बसले. लोक ढसाढसा रडले. त्यांच्या भपक्यावर टीका करणाऱ्यांनी ही सिंधू आठवावी. भपका नसला तरी त्यांचं काही अडत नव्हतं. तरीही ते भपका करत होते, हे मात्र तितकंच खरं.

१९२० साली 'द्रौपदी' आलं. त्याच्या देखाव्यांवर आणि सामानावर पैसा पाण्यासारखा ओतला गेला. १९२१ च्या सुमाराला कर्ज लाखाच्या पुढे गेलेलं होतं. त्या काळचे लाख.

आणि त्याच १९२१ च्या ८ जुलैला मुंबईच्या बालीवाला थिएटरात एक अपूर्व रात्र झाली. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श या दोन कंपन्यांनी मिळून 'मानापमान' केलं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून ज्यांच्या नावाने प्रेक्षक भांडत, ते दोघे एका रंगमंचावर. दर भरमसाट होते, तरी थिएटर भरलं. स्वतःच्या डोक्यावर डोंगराएवढं देणं असलेला माणूस दुसऱ्या कामासाठी पैसा उभा करायला उभा राहिला. व्यवहाराने बघितलं तर वेडेपणा. पण तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने गेले. वय एकतीस. ती रात्र पुढे ढकलली असती तर ती कधी झालीच नसती. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गुरू भास्करबुवाही गेले.

कर्जाचं पुढे काय झालं, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, ती सांगायला हवी. दिवाळं काढून मोकळं होणं त्यांनी पत्करलं नाही. देणं प्रयोग करूनच फेडायचं ठरलं. व्यवहार दुसऱ्यांच्या हाती गेला आणि नारायणराव गात राहिले. एक प्रयोग, मग पुढचा प्रयोग. आज किती फिटलं आणि अजून किती राहिलं याचा घोर घेऊन माणूस पहाटेपर्यंत वन्समोर घेत गाऊ शकत नाही. ते गाऊ शकले. तालमीत, रंगात, पहिल्या घंटेला, ऑर्गनच्या पहिल्या सुराला ते सगळे तिथेच असायचे. काही वर्षांत ते मोठं देणं बरंचसं उतरलं. ज्या स्वभावाने खड्डा खणला, त्याच स्वभावाने तो बुजवलाही. हा माणूस हिशोबी असता तर कर्ज झालंच नसतं, हे खरं. पण कर्ज झाल्यावर हिशोबी माणूस बहुधा झोपूच शकला नसता.

मग काळ फिरला. १९३१ मध्ये बोलपट आला, १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि बघता बघता नाटकाची थिएटरं सिनेमाला जाऊ लागली. पडद्यावर थोड्या आण्यांत गाणं ऐकायला मिळत असताना नाटकाचं तिकीट कोण काढणार? त्यात मंदी. बालगंधर्वांचं वय चाळिशीच्या पुढे, अंग सुटलेलं. तरुण नायिकेचं काम बघताना प्रेक्षकाला आता डोळे मिटून कान उघडे ठेवावे लागत. १९३१ च्या 'कान्होपात्रा'ने भक्तिपदांचा नवा रंग आणला आणि थोडा टेकू मिळाला, पण तो किती दिवस पुरणार? कंपनी बंद पडली.

प्रभात फिल्म कंपनीने हात पुढे केला. व्ही. शांतारामांनी त्यांना घेऊन संत एकनाथांवर चित्रपट काढला. त्याचं आधीचं नाव 'महात्मा'. गांधीजींचा संदर्भ लागतो म्हणून सेन्सॉरने अडवलं आणि १९३५ साली तो 'धर्मात्मा' म्हणून लागला. आयुष्यभर स्त्री झालेल्या नटाला आता पुरुष व्हायचं होतं, तेही कॅमेऱ्यापुढे. त्यांना ते जमलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. रुचलं नाही, हे जास्त खरं. समोर मायबाप प्रेक्षक नाही, गाण्याला दाद नाही, एक वाक्य बोलायचं की थांबायचं, मग तेच परत. आधीचा तुकडा नंतर आणि नंतरचा आधी. ज्याची सगळी कला आत्ता, या घटकेला, या माणसांसमोर अशी होती, त्याला तुकड्यांत कापलेला वेळ मानवणार कसा? प्रभातशी संबंध त्या एका चित्रपटावरच संपला. चांगले पैसे मिळणारं काम सोडून ते परत डबघाईला आलेल्या नाटकाकडे वळले. घरच्यांना, हितचिंतकांना काय वाटलं असेल, याची कल्पना करावी.

याच सुमाराला गोहरबाई आल्या. गोहरबाई कर्नाटकी विजापूर भागातल्या बिळगीच्या, आता बागलकोट जिल्ह्यात येणाऱ्या गावच्या. हिंदी सिनेमात 'किस्मत'ची गाणी गाजवणाऱ्या अमीरबाई कर्नाटकी त्यांच्या बहीण. कन्नड मुलखातली ही मुसलमान घरची मुलगी बालगंधर्वांच्या गायकीवर इतकी लुब्ध होती, की त्यांच्या ढंगात हुबेहूब गायची. १९३७-३८ च्या सुमाराला ती कंपनीत आली. पुढे नायिकेची कामं तिच्याकडे गेली आणि बालगंधर्व पुरुष भूमिका करू लागले. ज्या कंपनीचं अख्खं भांडवल पुरुषाने केलेली स्त्री हे होतं, तिथे खरी स्त्री उभी राहिली.

लोकांनी हे सहज घेतलं नाही. धर्म निराळा, वयात मोठं अंतर, घरी लक्ष्मीबाई. जुने सहकारी दुरावले, वर्तमानपत्रांत नको ते छापून आलं. लक्ष्मीबाई १९४० साली वारल्या. १९५१ साली नारायणराव आणि गोहरबाईंनी लग्न केलं. गोहरबाईंनी कंपनी बुडवली, असं म्हणणारे अजून भेटतात. तारखा बघितल्या तर कंपनी त्यांच्या येण्याआधीच बुडाली होती. लक्ष्मीबाईंवर अन्याय झाला का? झाला. त्याचा दोष बिळगीच्या मुलीच्या एकटीच्या पदरात टाकणं सोयीचं होतं, म्हणून तो टाकला गेला.

कारण पुढचा काळ बघा. १९५० नंतर लवकरच नारायणरावांचे पाय गेले. अर्धांगवायूने उभं राहणं अवघड झालं. चालण्याच्या एका डौलावर ज्याला टाळ्या पडत, शालूचा पदर सावरत विंगेतून नुसता येताना दिसला तरी थिएटर हलायचं, त्याला आता दोघांनी धरून उठवावं लागे. कंपनी नाही, गल्ला नाही, शालू आणि अत्तरं कधीच गेलेली. वैभवाचा माणूस असा पडला की बहुतेकदा जुन्या आठवणींवर जगतो, आल्यागेल्याला तेच तेच सांगत बसतो आणि जगाने कसं फसवलं याची यादी वाचतो. बालगंधर्वांकडे यादी करण्यासारखं पुष्कळ होतं. ज्यांनी त्यांना या काळात पाहिलं, त्यांनी मात्र वेगळं चित्र नोंदवून ठेवलं आहे. समोरच्याला देवा म्हणून हाक मारायची जुनी सवय तशीच. बोलण्यात तीच अदब. आणि कुणी गायला सांगितलं की आढेवेढे नाहीत.

उभं राहता येत नाही, तर बसून. नाटक होत नाही, तर भजन. जुन्या पदांचे आणि अभंगांचे कार्यक्रम ते करत राहिले. आवाज थकला होता, दम पुरत नव्हता, पण स्वर लावला की तो स्वर आणि ते शब्द एवढंच उरायचं. हे त्यांनी तरुणपणीच्या देणगीतून केलं की पडत्या काळात नव्याने शिकून, हे ठरवणं कठीण आहे. १९११ साली त्यांना रंगमंच, सहकारी, टाळ्या सगळं सावरायला होतं. १९५५ साली यातलं काही नव्हतं. एक चटई आणि एक स्वर. तेवढ्यावर तोच माणूस उभा राहिला, म्हणजे बसला. त्यामुळे हे दुसरं जास्त अवघड होतं, असंच म्हणावं लागेल. आणि या काळात त्यांना उठवणं, बसवणं, जेवू घालणं, त्यांच्याबरोबर गाणं हे सगळं करणारी बाई कोण होती, हे वर सांगितलंच.

मानसन्मान उशिरा आले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६४ साली पद्मभूषण. त्याच १९६४ मध्ये गोहरबाई गेल्या. ज्यांच्या आधारावर दिवस जात होता तेच माणूस गेलं.

सुळेभावीत जन्मलेले, म्हणजे बेळगावपासून हाकेच्या अंतरावरचे कुमार गंधर्व तोपर्यंत इंदूरजवळच्या देवासला स्थायिक झाले होते. क्षयाने काही वर्षं अंथरुणाला खिळवलं, गाणं बंद झालं आणि त्यातून उठून ते पुन्हा गाऊ लागले होते. 'मला उमजलेले बालगंधर्व' नावाचा कार्यक्रम त्यांनी बसवला. नाट्यपदं म्हणजे हलकं गाणं, असं मानणाऱ्या शास्त्रीय गायकांच्या जगात ही मोठी गोष्ट होती. आजारपणात स्वतःचा आवाज गमावून परत मिळवलेल्या माणसाला बालगंधर्वांच्या गाण्यात काय उमजलं असेल, हे त्या ध्वनिमुद्रणातच ऐकायला हवं. ते आजही सहज मिळतं.

पुण्यात मुठेच्या काठी त्यांच्या नावाचं नाट्यगृह बांधायचं ठरलं. पु. ल. देशपांड्यांनी त्यासाठी फार मनापासून खटपट केली. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी कोनशिला बसली ती खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते. वय चौऱ्याहत्तर, पाय निकामी. स्वतःच्या नावाच्या इमारतीचा पहिला दगड स्वतः बसवण्याचा प्रसंग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. आयुष्यभर भाड्याच्या थिएटरांत, पत्र्याच्या मांडवांत, गावोगावच्या मुक्कामांत गायलेल्या माणसाच्या नावाने पक्कं थिएटर उभं राहणार होतं.

१५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बालगंधर्व रंगमंदिराचं उद्घाटन २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी झालं. आत चित्रकार गोपाळराव देऊस्करांनी काढलेली त्यांची दोन मोठी चित्रं लावली आहेत. एकात ते पुरुषवेषात आहेत, दुसऱ्यात स्त्रीवेषात. नाटकाला येणारे लोक तिकीट दाखवून त्यांच्यासमोरूनच आत जातात.